पालटाचं तळं

हे खडकमाळचं तळं. दसऱ्याला यातला पहिला घडा देवीला जातो, आणि तो कोणी उचलायचा हे गेल्या वर्षीचा मानकरी स्वतःच्या तोंडानं सांगतो. नव्याचं नाव पुकारायचं आणि आपण मुकाट रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. असली अवघड रीत कुठून आली म्हणाल, तर तिच्या मुळाशी आहे रायाजी खराडे.

असं सांगतात, की हे तळं रायाजीच्या पणज्यानं चार सोबती घेऊन खडक फोडून खणलं. जो खणेल तो मानकरी, असं तेव्हाच ठरलं. पुढे त्यांची नातवंडं मानकरी म्हणूनच जन्माला आली. हातातली कुदळ सुटली, डोक्यावरचे फेटे मोठे झाले. मग धास्ती वाटू लागली, की उद्या दुसऱ्या कोणी खणलं तर तोही मानकरी व्हायचा. म्हणून त्यांनी तळ्यात कुदळ घालायलाच बंदी केली. मोठ्यांची अक्कल ती. गाळ साचत गेला.

रायाजीच्या म्हातारपणी तळ्यात चिखल तेवढा उरला, गुरं मरू लागली. मागाहून वस्तीला आलेल्या मेंढपाळांतली भिवाई त्याच्या दारी आली. म्हणाली, "आबा, गाळ आमी काढतो. तुमी नुसतं व्हय म्हना."

रायाजीच्या जिवाला थारा राहिला नाही. होय म्हणावं तर आपला मान जातो, पुढे मुलाच्या, सोनजीच्या, खांद्यावर यायचा घडा जातो. नाही म्हणावं तर गाव उठून जातं. त्यानं सोनजीलाच कुदळ देऊन तळ्यात उतरवलं. दुपारपर्यंत हाताला फोड आले. "आबा, गडी लावा की," सोनजी म्हणाला. रायाजी काठावर मटकन बसला. त्याला पोराचा राग आला, म्हणे, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मग उठून त्यानं ती कुदळ भिवाईच्या हातात दिली.

पावसाळ्यात तळं भरलं. दसऱ्याला रायाजीनं भिवाईचं नाव पुकारलं आणि देवीसमोर बोलला, "हिच्या पोरांनी नुसता बसून मान खाल्ला, तर त्यांचाबी असाच जाऊ दे."

"जाऊ दे," भिवाई म्हणाली. तिच्या नातवांना पुढे ते फार कडू लागलं, पण देवीसमोरचा शब्द गावानं मोडू दिला नाही.

आजही दर उन्हाळ्यात गाळ निघतो आणि जो जास्त राबतो त्याला मान मिळतो. आजही नाव घ्यायची वेळ आली की जुना मानकरी नुसताच घसा खाकरत राहतो. लोक घडे घेऊन ताटकळतात, पण कोणी घाई करत नाही. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला काय सांगायचं, ते त्याला अजून सुचलेलं नसतं.