पाणी प्यालेला कप्तान

शके चौदाशे त्रेसष्ट, आश्विन महिना. पाऊस उघडला होता आणि समुद्र जहाजांना मोकळा झाला होता. फार वर्षं झाली, पण खाडीकाठच्या खारवली गावात हे साल कोणी विसरलेलं नाही. त्या आश्विनात लोसू कप्तान आला.

त्याचं खरं नाव अलोन्सो. तो स्पेन देशाचा, पोर्तुगिजांच्या आरमारात चाकरीला. तलवार त्याने उशिरा धरली. त्याआधी तो आपल्या देशात वकिली शिकला होता. कायदा सोडून त्याने कधी कोणाचं कोंबडंही उचललं नाही, असं म्हणतात. गावं घेतली, तीही कायद्याने.

कायदा असा होता. गाव घेण्याआधी राजाचं फर्मान मोठ्याने वाचायचं. ही जमीन आता आमच्या राजाची, मुकाट कबूल व्हा, नाहीतर पुढे जे होईल त्याचा दोष तुमच्या माथी. ऐकणाऱ्याला भाषा कळली पाहिजे, असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं.

खारवलीचे कोळी पोरंबाळं घेऊन डोंगरात गेले होते. सापडली ती एकटी गोमाय. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर, आणि ती सोडून म्हातारी हलली नव्हती.

शिपाई म्हणाले, "कप्तान, हिला कशाला वाचून दाखवता? त्या बोकडाला वाचून दाखवा, तो निदान मान तरी हलवील."

"ऐकणारं माणूस लागतं," लोसू म्हणाला आणि वाचू लागला.

ऊन चढलं. फर्मान लांबलचक. त्याचा घसा कोरडा पडला. गोमायने न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला. तो घटाघटा प्याला आणि राहिलेलं वाचून संपवलं.

मग म्हातारी बोलली. बरोबर चौलचा एक दुभाष्या होता. फर्मान त्याच्याकडून सांगवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. म्हातारीचं बोलणं मात्र त्याने सांगितलं.

"तुजं झालं? आता माजं आयक. ह्या हिरीचं पानी जो प्याला तो गावचा. गावावर कोन चालून आला, तर त्यानं पयलं आडवं उभं राहायचं. ह्यो आमचा कायदा."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू तुजं कवा सांगितलंस रं? तलवार काढल्यावर. मी निदान पानी पाजून सांगितलं."

शिपाई हसले. लोसू हसला नाही. हिचा कायदा खोटा म्हणावा, तर त्याचाही खोटा. मग आजवर घेतलेलं एकेक गाव म्हणजे नुसता दरोडा. त्याने फर्मान गुंडाळून कमरेला खोचलं. मग म्हणाला, "बांधला गेलो."

तो गावातच राहिला. ठाणेदार म्हणून राहिला, पण पाणी त्याच विहिरीचं प्याला.

तिसऱ्या आश्विनात आरमाराच्या बड्या कप्तानाने वल्ही मारायला गावचे तरुण मागितले. गावाने नाही म्हटलं. पौर्णिमेला, भर उधाणाला, तो खारवली जाळायला निघाला.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ऐन भरतीलाच जहाज त्यावरून आत येतं. जहाजं दांड्यापाशी पाणी चढायची वाट बघत थांबली, तेव्हा दांड्यावर लोसू एकटा उभा दिसला. गुडघाभर पाण्यात.

"फर्मान वाचा!" तो ओरडला. "न वाचता तोफ डागलीत तर ती राजाची मोहीम नाही, दरोडा आहे. तुमचा कारकून साक्षीला आहे."

"बाजूला हो, लोसू! बुडशील!"

"आधी वाचा."

कारकून वाचू लागला. लोसू प्रत्येक वाक्याला अडवी. राजा म्हणजे कोणता? गावाने गुन्हा काय केला? साक्षीदार कोण? पाणी कमरेला आलं, छातीला आलं. तो बोलतच होता. पाणी गळ्याशी आलं. बडा कप्तान दातओठ खाऊन म्हणाला, "वाचून संपव रे लवकर!"

पाणी डोक्यावरून गेलं. आणि खालून आवाज आला, "पुढचं वाक्य वाचा."

असं म्हणतात, कारकुनाने पुढचं वाक्य वाचलं. थांबायची छाती होईना. तो वाचत राहिला, समुद्र हरकत घेत राहिला, आणि भरती सरून गेली तरी फर्मान संपलं नाही. ओहोटी लागली. वाट बघता बघता दांड्यावर सरकलेलं पुढचं जहाज वाळूत बसलं, कलंडलं. तोफांची तोंडं चिखलात गेली, दारू भिजली. पुढच्या भरतीला ते सुटलं तशी सगळीच जहाजं माघारी वळली. पाण्याखालून भांडणाऱ्या माणसाशी लढायला एकही खलाशी राजी नव्हता.

लोसू सापडला नाही.

आजही खारवलीत कोणी सरकारी माणूस हुकूम वाचायला आला, की आधी त्याच्या हातात त्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या देतात. जाणते अधिकारी हुकूम पुन्हा एकदा मनात वाचतात, मगच पितात.

आणि आश्विनातल्या पौर्णिमेला, ओहोटी लागली की, गावातली सर्वांत म्हातारी बाई दांड्यावर चालत जाते. पहिल्यांदा गोमाय गेली होती. जाणारी बाई विहिरीच्या गोड्या पाण्याची घागर वाळूवर ओतते आणि गोमायचेच शब्द म्हणते.

"लोसू, फिटलं रं."