चहा निवण्याआधी

एकदा एक दुरुस्ती वेळेवर येऊन पोचली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अनर्थ झाला की ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणायची आपल्याकडे रीत आहे. कल्पना होती. दार उघडे आहे हे कळले होते, कडीही हातात आली होती. ती बसण्यासाठी दार क्षणभर मिटावे लागते, तेवढे मात्र कुणाकडून झाले नाही.

धरणात बुडालेल्या गावांतल्या माणसांचे आवाज एका वृद्धाने आयुष्यभर गोळा केले होते. आधी कॅसेटवर, पुढे थेट संगणकावर. कुणाची अंगाई, कुणाचे बांधावरचे भांडण, कुणी बैलांना दिलेली हाक. गावे पाण्याखाली गेली, माणसे पांगली, पुष्कळशी वारली. आवाज तेवढे एका खोलीतल्या यंत्रात उरले. दूरदेशी गेलेले लोक आपापल्या घरून ते ऐकत. ज्यांना ते जमत नसे, ते खोलीवर येत आणि हेडफोन लावून डोळे मिटून बसत. सोजरबाई त्यांपैकीच एक. तिचे वडील नदीवर नाव चालवत. पैलतीरावरून कुणी साद घातली की ‘आलोऽ रंऽऽ’ असे ओरडत. तेवढेच ऐकायला ती दर बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी पायाशी ठेवून बसे.

यंत्र सांभाळायला वृद्धाचा एक शिष्य होता. शहरातली बरी नोकरी सोडून तो या कामाला आला होता आणि यंत्र कधी बंद पडू देत नसे. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपत आली की जनरेटर. दारावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती, ‘केव्हाही या.’ ‘आलेला माणूस न ऐकता परत गेला, असे आमच्याकडे कधीच झालेले नाही,’ हे तो पाहुण्यांना आवर्जून सांगे, आणि सांगताना त्याची मान किंचित ताठ होई.

पितृपक्षात बातमी आली की ज्या प्रणालीवर यंत्र चालते, तिच्या गाभ्यातच एक फट सापडली आहे.

“म्हणजे नेमके काय झाले?” वृद्धाने विचारले.

“देवळासारखे समजा, गुरुजी. सभामंडपात कुणीही यावे, गाभाऱ्यात फक्त पुजाऱ्याने. या फटीमुळे मंडपातला कुणीही खांद्यावर उपरणे टाकून पुजारी म्हणून आत शिरू शकतो.”

“आणि आपल्या मंडपात तर अख्खे जग येते.”

“म्हणून तर तिची दुरुस्ती लगेच आणली. बसवलीसुद्धा.”

खरेच बसवली होती. फक्त शेवटी पडद्यावर एक ओळ उमटली होती, ‘यंत्र पुन्हा सुरू केल्यावर दुरुस्ती लागू होईल.’ शिष्याने ती वाचली. त्या वेळी कुठेतरी दूर कुणीतरी आपल्या आजीचा आवाज ऐकत होते. त्याच्या कानातला आवाज मध्येच कसा तोडायचा? उद्या करू, असे त्याने ठरवले. उद्या दुसरे कुणीतरी ऐकत होते.

खंडेनवमीला वृद्धाने नेहमीप्रमाणे सगळी हत्यारे खाली ठेवली. माइक, जुना टेपरेकॉर्डर, फीत कापायची कात्री, सगळे पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले. यंत्रालाही झेंडूची माळ घातली. माळेखाली ते घूं घूं करीत चालूच होते.

“पूजेला बसलेल्या हत्याराने त्या दिवशी काम करू नये म्हणतात,” वृद्ध म्हणाला. “याला नाही का विश्रांती?”

“गुरुजी, आपला हा देव झोपत नाही.”

“अरे, देवही झोपतात. आषाढीला निजतात ते कार्तिकीलाच उठतात.”

“त्यांच्याकडे एवढे ऐकणारे येत नसतील!” शिष्य म्हणाला. वृद्ध मनापासून हसला आणि विषय तिथेच राहिला.

दसऱ्याचे सोने वाटून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने एक अंगाई लावली, तर नुसती खरखर आली. दुसरी लावली. तिसरी लावली. नावे जिथल्या तिथे होती, आतला आवाज नव्हता. पडद्यावर खंडणी मागणारा मजकूर होता. आवाजांच्या जादा प्रतींचा साठाही त्याच यंत्राला जोडलेला, तोही तसाच झाला होता. जाणकारांनी येऊन पाहिले, चोर त्याच फटीतून आत शिरल्याचे सांगितले आणि मान हलवली. पैसे देऊनही काही परत मिळेल याचा भरवसा नाही, म्हणाले. कॅसेटवरचे जुने आवाज वाचले. पुढे थेट यंत्रात घेतलेले सगळे गेले, सोजरबाईच्या वडिलांची हाकही त्यातच गेली.

“मी दुरुस्ती बसवली होती, गुरुजी,” शिष्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. “देवाशपथ बसवली होती.”

वृद्ध यंत्रापाशी जाऊन बसला. त्याने चहा मागवला. कप यंत्राशेजारी ठेवला आणि स्वतःच्या हाताने यंत्र बंद केले. इतकी वर्षे घुमणारी खोली एकदम गप्प झाली. मग त्याने तेच बटण पुन्हा दाबले. पडदा काळा झाला, उजळला, अक्षरे धावली आणि ओळ आली, ‘दुरुस्ती लागू झाली.’

“आता कशाला, गुरुजी?” शिष्याने विचारले.

वृद्धाने कप उचलून एक घोट घेतला. “गरम आहे अजून,” तो म्हणाला.

शिष्याने मान खाली घातली.

“तुला टोचायला नाही केले हे. आपण कशाला एवढे भ्यालो, ते मला बघायचे होते. ठिगळ गावभर वाटले की कापड कुठे फाटले हेही गावभर कळते. साव शिवायला बसतो, चोर तिथेच बोट घालतो. म्हणून दुरुस्ती येण्याआधी होता त्याहून धोका ती आल्यावर वाढला. आपल्या यंत्राने ती उशाशी घेतली होती, पण ते जागे होते जुन्याच मनाने. नवे मन यायला एकदा निजावे लागते, ते आपण निजू दिले नाही. अखंड चालण्याला आपण सेवा म्हणत आलो. त्यात सेवा किती आणि मिरवणे किती, हे त्या नवमीला मी विचारायला हवे होते. मी हसलो.”



दारात चपला वाजल्या. बाजाराचा दिवस होता. सोजरबाई आली, पिशवी पायाशी ठेवून नेहमीच्या जागी बसली आणि हेडफोनसाठी हात पुढे केला. शिष्य तिच्यासमोर जमिनीवरच बसला. त्याने सगळे सांगितले. फट, दुरुस्ती, आणि ऐकणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून यंत्र कसे बंद केले नाही, तेही.

सोजरबाईने पुढे केलेला हात हळूच मांडीवर ठेवला. थोडा वेळ ती दारावरच्या ‘केव्हाही या’ या पाटीकडे बघत राहिली.

“आरं लेकरा,” ती म्हणाली, “आज बंद हाय म्हनला असतास, तर मी फुडच्या बाजाराला आले असते की.”