घाटातलं पासिंग

सातवळणी घाट चढताना गावची एकुलती एक रुग्णवाहिका तापून बंद पडायची आणि आत अडलेली बाई कळा सोसत पडून राहायची. शेवटी चालक रुमाताई वळवीने बॉनेटला सहा लांब फटी कापून घेतल्या. इंजिनाची गरम हवा बाहेर पडू लागली आणि गाडी न थांबता घाट चढू लागली.

मग आरटीओच्या पासिंगचा दिवस आला. गाडी रस्त्यावर नाही, कागदावर धावते अशी ठाम समजूत असलेल्या तपासणी अधिकारी कुलथे साहेबांनी फटींवर पेन टेकवलं. "कंपनीचं अखंड बॉनेट लाव. नाहीतर ही गाडी बंद."

"लावते, साहेब. पण चाचणी घाटात घ्या, आणि शेजारी तुम्ही बसा."

तिने भंगारातून अखंड बॉनेट आणून बसवलं, फटींचं बॉनेट टपावर बांधलं आणि निघाली. चौथ्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, केबिनमध्ये जळका वास भरला.

"अहो बाई, थांबवा. ते बॉनेट उघडा आधी."

रुमाताईने बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं, परत येऊन बसली आणि किल्लीला हात घातला.

"वेड लागलंय का? समोरचा रस्ता दिसत नाही."

"उघडं ठेवलं तर रस्ता दिसत नाही, बंद ठेवलं तर गाडी चालत नाही. तुम्ही तर सगळंच उघडायला सांगितलंत, साहेब. मी फक्त सहा फटी उघडल्या होत्या."

टपावरचं बॉनेट उतरवताना दुसरी बाजू कुलथे साहेबांनी धरली. पासिंगची सही घाटातच झाली.