ठ फळीवरून उतरला

ऐका हं. आधी पाय पांघरुणात घ्या. घेतले? मग सांगते.

एक होता राजा. नाव कीर्तिसेन. तो वाघाला भीत नव्हता, शत्रूला भीत नव्हता. भीत होता फक्त एका गोष्टीला. कुणाचा पाय पुस्तकाला लागेल, याला. लहानपणी एकदा त्याचा पाय पोथीला लागला होता, बरं का. त्याचे आजोबा असे काही कडाडले की बिचारा पलंगाखाली जाऊन बसला. तुमचाही लागतो की नाही कधी कधी? मग आपण काय करतो? वाकतो, पुस्तकाला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो, झालं. पुस्तक विसरतं, आपणही विसरतो. राजा मात्र विसरला नाही.

मग मोठा होऊन गादीवर बसल्यावर त्याने काय केलं? दवंडी पिटवली. 'राज्यातली सगळी पुस्तकं, सगळ्या पाट्या, सगळी अक्षरं उंच फळीवर ठेवा. लहान मुलांचा हात पोचता कामा नये. अक्षरं म्हणजे सरस्वती. तिची पूजा करायची, तिच्याशी खेळायचं नाही.' आपण दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतो, फूल वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा दप्तरात जाते. तिथे रोजच दसरा. पाटी खाली येतच नव्हती. राजाच्या मनात वाईट काही नव्हतं हो. मान द्यायला गेला आणि फारच दिला, एवढंच.

या राजाची राणी होती सुलक्षणा. आणि त्यांना होती एक मुलगी. पोवळ्यासारख्या लाल लाल गालांची, म्हणून तिचं नाव पोवळी. काय बडबडी होती म्हणून सांगू! मुंगीशी बोलायची, खांबाशी बोलायची, ताटातल्या भाताशीसुद्धा बोलायची. राणीचा सगळा जीव त्या बडबडीत होता.

पोवळी चार वर्षांची झाली तसं राजाने तिला शिकवायचं मनावर घेतलं. पहिल्यांदा काय केलं, सोनाराकडून सोन्याची अक्षरं घडवून घेतली आणि फळीवर मांडली. पोवळीने हात पुढे केला. सगळे ओरडले, "अगं अगं अगं!" तिने हात मागे घेतला. मग राजाने चांदीची पाटी आणवली आणि काचेच्या पेटीत ठेवली. पोवळीने काचेला नाक लावलं. लगेच दासी फडकं घेऊन काच पुसायला धावली. मग राजाने राजगुरूंना बोलावलं. राजगुरू माणूस भला, पण आवाज ढोलासारखा. त्यांनी लांब छडीने फळीवरचं अक्षर दाखवलं आणि म्हणाले, "म्हण, क!" पोवळी जी राणीच्या पदरात शिरली, ती बाहेरच येईना.

मग हळूहळू पोवळीची बडबड बंद झाली. मुंगी आली नि गेली, पोवळी गप्प. पाटी नुसती दिसली की तिला रडू यायचं.

राजा काळजीत पडला. तो राणीला म्हणाला, "दसऱ्याला पोवळीने एक तरी शब्द लिहून दाखवू दे. नाहीतर तिला डोंगरापलीकडे राजगुरूंच्या आश्रमात ठेवू. लिहायला आलं की येईल परत."

राणी म्हणाली, "अहो, केवढीशी आहे ती! माझा पदर मुठीत धरल्याशिवाय झोप येत नाही तिला."

"मला का बरं वाटतंय?" राजा म्हणाला. "पण तिला अक्षर यायला नको?"

तेही राणीला पटत होतं. अक्षर तर यायला हवंच होतं. पण लेकरू जवळ नसेल तर त्या एवढ्या मोठ्या राजवाड्यात ती कुणाला हाका मारणार होती?

मग एके दिवशी दुपारी काय झालं, राजा जेवून घोरत होता. राणी फळीखाली तांदूळ निवडत बसली होती. दासी होत्या की ढीगभर! पण मनाला घोर लागला की हाताला काहीतरी काम लागतं, तुम्हाला कळेल पुढे. शेजारी पोवळी बसली होती, मुकीमुकी. तेवढ्यात वरून काहीतरी टुण्णकन पडलं ते थेट तांदळाच्या परातीत!

कोण होता? ठ! सोन्याचा, गोल गरगरीत, लाडवासारखा.

"हुश्श!" ठ म्हणाला. "राणीसाहेब, ओरडू नका. वर बसून बसून अंग आंबलं माझं. रोज हळद, रोज कुंकू. उदबत्तीच्या धुराने नाकाची चाळण झाली. आणि खेळायला कुणी नाही!" असं म्हणून तो एवढ्या जोरात शिंकला की तांदूळ उडाले ते पोवळीच्या केसांत.

आणि पोवळी हसली. कितीतरी दिवसांनी हसली, बरं का. राणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग ठ परातीत गडगडत सुटला. तो जाईल तिथे तांदळात वाट पडायची. पोवळीने त्या वाटेवरून बोट फिरवलं. राणीच्या तोंडात सवयीने 'अगं अगं' आलं होतं. पण तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. बोट फिरत राहिलं. ठ गेला तरी पोवळी तांदळात ठ काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा घोरायला लागल्याबरोबर ठ आला तो आणखी अक्षरं घेऊन. आ आला काठी टेकत. ई आली डोक्यावरची शेंडी सावरत. राणी कडबोळ्यांचं पीठ मळत होती. पोवळीने पिठाच्या वळ्या केल्या आणि ठ, आ, ई वळून ठेवले. राणीने तळून दिले. मग सगळ्यांनी मिळून ते खाल्ले. हो, अक्षरांनीसुद्धा! ई तर म्हणाली, "मी इतकी खुसखुशीत असेन असं मला वाटलं नव्हतं."

मग तिसरी दुपार आली. दुसऱ्या दिवशी दसरा होता. राणीने राजवाड्याचं अंगण उघडलं आणि माळ्याची, कासाराची, पहारेकऱ्याची, सगळ्यांची पोरं आत घेतली. फळीवरची सगळी अक्षरं खाली आली आणि फरशीवर आडवी झाली. पोरांनी त्यांच्या कडेने चिंचोके मांडले. अक्षरं आपापलं नाव सांगत उठली, चिंचोके तसेच राहिले. चिंचोक्यांचा क, चिंचोक्यांचा ग! मग कुणीतरी खडूने ठिकरीची घरं आखली. प्रत्येक घरात एक अक्षर जाऊन लोळलं. पोवळीने ठिकरी टाकली आणि घातली लंगडी. एक घर, दुसरं घर, आणि तिसऱ्या घरात तिचा पाय पडला तो ठच्या पोटावर!

आणि नेमका त्याच वेळी दारात उभा कोण? राजा. आरडाओरड्याने जागा झाला होता. मागे राजगुरू.

पोरं खांबांमागे लपली. अक्षरं निपचित पडून राहिली. राजाचा चेहरा पांढराफटक पडला. "पोवळी!" तो ओरडला. "पाय लागला! सरस्वतीला पाय लागला!"

राणी मध्ये येऊन उभी राहिली. "मी खेळू दिलं तिला. काय बोलायचं ते मला बोला."

"मग उद्यापर्यंत थांबायलाच नको," राजा म्हणाला. "आजच गाडी जुंपा. आश्रमातच जाऊ दे हिला."

राणीने पदर गच्च धरला. पोवळी अजून एका पायावरच उभी होती बिचारी. मग तिने काय केलं असेल? आपण करतो तेच केलं. खाली वाकली, ठला हात लावला आणि तो कपाळाला लावला. "चुकलं हं, ठ."

मग तिला आठवलं, आधीच्या घरांतही पाय पडला होता. ती मागे गेली. "चुकलं हं, ग." आणखी मागे. "चुकलं हं, म." मग तिला वाटलं, पुढच्या घरांत पाय पडणारच होता की! मग ती पुढे गेली. "चुकलं हं, क. चुकलं हं, ब." एकेका अक्षरापाशी वाकत, एकेकाला नावाने हाक मारत पोवळी सगळ्या अंगणातून फिरून आली. एकही अक्षर चुकलं नाही.

राजाचा राग कुठल्या कुठे गेला. राजगुरूंच्या हातातली छडी गळून पडली. "हिला कुणी शिकवलं?" राजाने हळूच विचारलं.

तेव्हा ठ उठला आणि अंग झटकून म्हणाला, "राजा, तुझ्या आजोबांच्या पोथीत मीही होतो. त्या दिवशी आम्ही कुणीच रागावलो नव्हतो रे. तू पलंगाखाली जाऊन बसलास, पुन्हा आमच्याशी खेळायला आला नाहीस, त्याचंच वाईट वाटलं."

राजा मटकन फरशीवर बसला. एवढ्या मोठ्या राजाला रडू आलं हो. त्याने ठला दोन्ही हातांनी उचललं आणि लहान मुलासारखं छातीशी धरलं.

इकडे पोवळी अंगणाच्या कडेला मातीत उकिडवी बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी छडी दाखवली नव्हती. तिने बोटाने एक अक्षर काढलं. मग शेजारी दुसरं काढलं. मग मान वर करून म्हणाली, "हे बघ, तू."

राणीने वाचलं. मातीत लिहिलं होतं, आई.

तिने पोवळीला पोटाशी घेतलं. मग तिथेच मातीत गुडघे टेकून सगळ्या अक्षरांना हात जोडले. म्हणाली, "माझं लेकरू माझ्याजवळ ठेवलंत. जन्मभर उपकार विसरणार नाही."

आणि नाही विसरली. गाडी जुंपलीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या फळ्या खाली आल्या. पूजा झाली, फूल वाहिलं आणि मग पाटी घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात दिली. तिथे अजून तसंच करतात. अंगणात रोज दुपारी गावातली पोरं जमू लागली. राजगुरू त्यांच्यात मांडी घालून बसायला शिकले आणि हळू बोलायलाही शिकले. राजा ठिकरी खेळायला लागला आणि रोज हरायला लागला. पोवळी पुन्हा इतकी बडबडायला लागली की मुंग्या कंटाळून दुसऱ्या वाटेने जायच्या. सगळी सुखात राहिली, अक्षरंसुद्धा.

आता डोळे मिटा. आणि मनातल्या मनात एक करा. तुमचं बोट धरून पहिलं अक्षर ज्यांनी गिरवून घेतलं, त्यांना एक नमस्कार करा. शाळेतल्या बाई असतील, आई असेल, बाबा असतील. मी कुणाला करते? माझ्या आईला. तिला स्वतःला दोनच अक्षरं येत होती. चुलीपुढच्या राखेत माझं बोट धरून तिने मला दोन्ही देऊन टाकली.

झोपा हं. तिकडे ठही गोल होऊन झोपलाय. तुम्हीही व्हा गोल. मी दिवा मालवते.