पुसूनही जुनाच पत्ता

“पण लहान मूल विसरतं तरी कधी, अक्का?”

रात्रभर डोळ्याला डोळा लागू न देणारा प्रश्न शर्वाणीने मठाच्या ओसरीवर टेकता टेकताच विचारला. नवरा अपघातात गेला त्याला सहा महिने होत आले होते. पाच वर्षांच्या जुईला तिने सांगितलं होतं, बाबा दुबईला कामाला गेलेत. पोर अजून रोज संध्याकाळी तीन ताटं मांडायची.

कोपऱ्यातल्या संगणकाकडे मठाधिपती गोदाअक्कांनी नुसती मान वळवली.

“आधी ते बघ. मठाची वेबसाइट उघडत नाही.”

शर्वाणीला हायसं वाटलं. निदान एवढं तरी तिला येत होतं.

“आपण साइट नव्या सर्व्हरवर हलवली ना, हा संगणक जुनाच पत्ता धरून बसलाय. त्याने साठवलेल्या पत्त्यांच्या यादीला डीएनएस कॅशे म्हणतात. ती पुसली की नव्याने विचारेल.”

“पूस.”

तिने पुसली. साइट उघडली नाही... पुन्हा पुसली. पुन्हा तेच.

“कॉलेजात पुसण्यापलीकडे काही शिकवलं नाही का गं?”

शर्वाणी कसनुसं हसली. “परत त्याच जुन्या जागी जातोय, अक्का.”

“विचारतो कुणाला हा?”

“पत्त्याची मूळ नोंद असते तिथे.”

“मग तिथून काय सांगतात?”

शर्वाणीने तपासलं. तिची कानशिलं तापली.

“जुनाच पत्ता. ती नोंद बदलायचीच राहिली.”

“कुणी बदलायची होती?”

“...मीच.”

“मग याला कशाला घासत बसलीस?”

शर्वाणीने मुकाट्याने नोंद बदलली. मान वर केली तर अक्का तिच्याकडेच बघत होत्या.

अंगणातून जुई धावत आली. हात चिखलाने भरलेले.

“आई, बाबा कधी येणार?”

शर्वाणीच्या ओठांवर दुबई आलीच होती. अक्कांनी हात पुढे करून संगणकाचा पडदा बंद केला.

“आली बघ मूळ नोंदीकडे विचारायला.”

“बाबा दुबईत नाहीत, जुई.” स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “बाबा वारले. ते आता कधीच येणार नाहीत.”

जुईच्या हातांवरचा चिखल वाळत आला.

“मग ताटं किती मांडू?”