वाटी बुडेना

आज राजाची गोष्ट नाही बरं का. राजे झोपले सगळे. आज पाटकऱ्याची गोष्ट. चिंगे, पाय आत घे, मग सांगते.

एका गावात होता हैबतीबाबा. पाटाचं पाणी कुणाला किती, ते तो बघायचा. कसं? तर पाटाच्या तोंडाशी होते साती आसरांचे, म्हणजे पाणी राखणाऱ्या सात देवींचे, सात शेंदरी दगड. त्यांच्यापुढे तो पाण्यानं भरलेलं घंगाळ ठेवायचा आणि त्यात तांब्याची वाटी सोडायचा. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. वाटी हळूहळू भरायची आणि गुडुप बुडायची. बुडाली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. पाटील असो नाहीतर गरीब भागाआजी, ज्याला त्याला एक वाटी.

हैबतीबाबाची लेक सगुणा. बिचारीचा नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. तिचं वांग्याचं रान पाटाच्या अगदी शेवटाला. उन्हाळ्यात पाणी तिथं पोचेपर्यंत तिची वाटी बुडून जायची. वांग्यांनी माना टाकल्या. बापाचंच काळीज ते, तुटणारच की!

मग एक दिवस तिची पाळी आली. हैबतीबाबानं मागे पाहिलं, कुणी नाही. पुढे पाहिलं, कुणी नाही. झाडावर पाहिलं, कावळासुद्धा नाही. आसरांकडे मात्र पाहिलंच नाही हो त्यानं! मेणाचा कण भोकाला लावला आणि वाटी सोडली.

मग काय! वाटी आपली तरंगतेय. सगुणाचं रान भिजलं. हैबतीबाबा खूश. पण वाटी काही बुडेना. त्यानं मेण खरवडून काढलं, तरी बुडेना. वर बघतो तर सूर्य चिंचेच्या शेंड्यावर अडकलेला. तोही बुडेना! गाई घरी वळेनात, कोंबड्या खुराड्यात शिरेनात, आणि लेकरांना झोप येईना. तुमच्यासारखंच, हो.

सगळा गाव पाटावर धावला. पुढची पाळी भागाआजीची. ती म्हणाली, "पाटकरीबाबा, माझी मिरची करपायला लागली रे. वाटीला झालं काय?"

"आसरांचा कोप..." हैबतीबाबा म्हणायला गेला. तेवढ्यात नजर त्या सात दगडांवर पडली. त्यानं पागोटं काढून आसरांपुढे ठेवलं.

"कोप नाही," तो म्हणाला. "मी मेण लावलं. लेकीसाठी. देवासमोर बसून तुमचं पाणी चोरलं."

आणि गुडुप! वाटी बुडाली. सूर्यही चिंचेमागे उतरला.

हैबतीबाबानं आपल्या रानाची पाळी भागाआजीला दिली आणि वाटीही तिच्या हातात ठेवली. "माझ्या हाताला आता ही शोभत नाही," म्हणाला.

भागाआजीनं वाटी परत दिली. "आम्ही कुणी पाहिलं नव्हतं, तरी तू बोललास. तूच सोड वाटी. पण बाबा, लेकीचं दुखणं आधी सांगायचंस की! आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

मग गावानं ठरवलं, शेवटच्या रानाला पाणी पोचलं की मगच त्याची वाटी सोडायची. हैबतीबाबा रोज वाटी सोडायच्या आधी आसरांकडे बघायचा. मिरची तगली, वांगी धरली, सगुणाची लेकरं पोटभर जेवून गाढ झोपली.

तुमचीही वाटी भरली हं आता. मिटा डोळे.