मोठ्या दारातून एकच

त्या मुलखात प्रत्येक टेकडीला कुंपण होते. एका टेकडीची भांडणे आणि गुपिते दुसरीत मिसळू नयेत म्हणून ते घातलेले होते, आणि ते योग्यच होते. कुंपणाला लहान खिडक्या असत आणि मोठे दार एकच असे. कोणाला मदतीसाठी खिडकीतून न्यायचे असेल, तर त्याचे त्या टेकडीवरचे नाव बिनचूक सांगावे लागे. मोठ्या दारात मात्र टेकडीने निवडलेला एकच जण उभा राही. त्याला नेणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसले तरी चाले; टेकडी नीट ओळखून यावे, एवढेच पुरे.

मधल्या टेकडीच्या मोठ्या दारात गवत माजले होते. तिथे कोणी उभे राहायचे यावरून कासवआजोबा आणि घोरपडमावशी यांची फार वर्षांपूर्वी जुंपली होती. दोघांचीही माघार घ्यायची तयारी नव्हती आणि दारात दोघांना जागा नव्हती. याची लाज एकट्या साळूला वाटे. ती साळिंदर होती. अंगभर काटे, पुढचे पाय राकट, आणि एकदा मनावर घेतले की खडकालाही जुमानायची नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर टेकडीवरच्या तळ्याचा बांध झिरपू लागला. तळे आटले तर बाकीचे सगळे चालत, उडत दुसरीकडे जाणार होते. पण पाण्यात बेडकीची पिल्ले होती, आणि त्यांना अजून पाय फुटले नव्हते.

"साळूताई, पाय फुटेपर्यंत तरी पाणी टिकव गं," बेडकी म्हणाली.

साळूने माती उकरून भेगेत कोंबली. पाण्याने ती वाहून नेली. तिने पुन्हा कोंबली, ती पुन्हा गेली. शेवटी शेजारच्या टेकडीवरून येऊन काठावर उतरलेल्या बदकाला दया आली. ते म्हणाले, "आमचा बांध लाल टेकडीच्या लिंपणीने बुजवला. तिला आण."

साळू त्याच पावली निघाली. लाल टेकडीची पहिली खिडकी दिसताच तिने धापा टाकत सांगितले, "लिंपणी द्या."

खिडकीला नाही म्हणायची सवय नव्हती. तिने पानाने झाकलेली एक पाटी पुढे केली. साळूने ती जिवापाड जपत, एकदाही खाली न ठेवता घरी आणली. बांधापाशी सगळे जमले, पान उचलले, आणि पाटी रिकामी निघाली.

"रिकामी पाटी वाहायला एवढी पायपीट?" घोरपडमावशीने नाक मुरडले.

साळूला रडू कोसळले. रडत रडतच ती पुन्हा वाटेला लागली. या वेळी ती खिडकीपाशी थांबली नाही. थेट मोठ्या दाराशी गेली. तिथे राखणीला एक सरडा होता.

"लिंपणी नावाचं कोणी आहे का हो इथे?"

"त्या नावाचं कोणी नाही. खिडकीत ते नाव सांगाल तर रिकामी पाटीच मिळेल," सरडा म्हणाला. "दारात जी आहे ती ही. बदकांकडे तिला लिंपणी म्हणत असतील. तुम्ही काय म्हणणार?"

"म्हणजे? तिचं खरं नाव काय?"

"ते कुंपणाच्या आतलं. तुमच्या टेकडीवर तुमची हाक चालेल."

दारात चिखलाची घरटी बांधणारी एक कुंभारीण माशी बसली होती, साळूच्या नखाएवढी. साळूने क्षणभर तिच्याकडे पाहिले. "मी तिला तळराखण म्हणेन," ती म्हणाली. माशी उडून तिच्या काट्यावर येऊन बसली.

मधल्या टेकडीवर आनंदीआनंद झाला. कासवआजोबांनी तळराखणीला कमळाच्या पानावर बसवले. जो तो येऊन तिला पाहून जाई आणि निर्धास्त होऊन झोपे. पाणी मात्र उतरतच होते, आणि माशी पानावर स्वस्थ बसून होती. पिल्लांच्या पाठी उघड्या पडू लागल्या, तेव्हा बेडकी किंचाळली.

साळूचे सगळे काटे उभे राहिले. "आजोबा, हिला दर्शनाला आणलेलं नाही!"

"पाहुणीला कामाला लावायचं? टेकडीची काय शोभा राहील?" कासव म्हणाले.

ताजी माती पुढच्या पायांत घेऊन साळू भेगेपाशी उभी राहिली आणि ओरडली, "तळराखण! ही माती, ही भेग!"

माशी तत्काळ उठली. तिने मातीचा कण घेतला, पोटातल्या ओलाव्याने मळला, गोळी केली आणि भेगेत बसवली. तो ओलावा लाल टेकडीच्या कुठल्या झऱ्याचा, हे कोणी विचारले नाही आणि विचारायची गरजही पडली नाही. साळू हाक मारी, माती देई, जागा दाखवी. दर हाकेला एक गोळी बसे. माती न देता हाक मारली, तर माशी नुसती घिरटी घालून परत येई. साळूची नखे झिजली, आवाज बसला, पण ती बांधावरून हलली नाही. शेवटची भेग बुजली तेव्हा पाणी उतरायचे थांबले. काही दिवसांनी एक पिल्लू काठावर चढले आणि आपल्याच पायांकडे पाहत राहिले. साळूला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

त्यानंतर ती आपल्या टेकडीच्या मोठ्या दाराशी गेली आणि गवत उपटू लागली. कासवआजोबा आणि घोरपडमावशी पाहत राहिले. त्यांतले कोणीच पुढे झाले नाही. दार मोकळे झाले आणि टेकडीच्या होकाराने साळू त्यात उभी राहिली.

एके सकाळी कोरड्या टेकडीवरून एक थकलेला ससा आला. त्यांची विहीर गाळाने भरली होती. त्याने टेकडी ओळखली, दार ओळखले, पण साळूसमोर येताच तो चाचरला.

"माफ करा, मला तुमचं नाव ठाऊक नाही. आमच्याकडे तुम्हाला 'झरेकाढी' म्हटलं तर चालेल का?"

"गाळ कुठे आहे ते दाखव," साळू म्हणाली, आणि सशाबरोबर चालू लागली.